कच्च्या वहीतल्या फेऱ्या

लहानपणी आमच्या वस्तीतल्या लपंडावात मी बरीच वर्षे ‘कच्चं लिंबू’ होतो. ज्यांनी असे खेळ खेळले आहेत त्यांना हे पद समजावून सांगायला नको. कच्च्या लिंबाला खेळायला घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य आणायचे नाही. तो सापडला तरी सापडला नाही असे धरायचे. कोणी नवखा तक्रार करू लागला की सगळे एका सुरात ओरडत, “अरे, तो कच्चं लिंबू आहे!” आणि तक्रार तिथेच मिटे.

मी आठ-नऊ वर्षांचा झालो तेव्हा माझ्या लक्षात आले, की आपल्याला आता चांगले पळता येते, नळाजवळची भिंत ओलांडता येते. पण हे मी कोणाला सांगितले नाही. राज्य न घेता खेळण्याचे सुख सोडवत नव्हते. शेवटी एके संध्याकाळी माझ्या थोरल्या बहिणीने सर्वांसमोर मला धरले आणि म्हणाली, “पिकलास तू आता. घे राज्य.” त्या दिवशी मला फार रडू आले. राज्य आले म्हणून नव्हे. आपण लपवून ठेवलेले उघडे पडले म्हणून.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. गेल्या डिसेंबरात ती पुन्हा आठवली, आणि आठवली ती अशा ठिकाणी, की सांगितले तर वर्गातले मित्र हसतील. गोल्फच्या मैदानावर!

हसण्यासारखे आहे खरे. कला शाखेचा विद्यार्थी, पत्र्याच्या घरात राहणारा, आणि गोष्टी गोल्फच्या! पण त्याचे कारण साधे आहे. माझे बाबा कॅडी आहेत. शहराच्या कडेच्या एका गोल्फ-मैदानावर गेली सव्वीस वर्षे ते साहेबलोकांच्या बॅगा वाहत आहेत. अकरावीपासून दर रविवारी मीही बॅग घेतो. सोमवारी मैदान सभासदांसाठी बंद असते. गवत कापायचे, पाणी द्यायचे, बंकरमधली वाळू सारखी करायची, अशी कामे त्या दिवशी चालतात. आणि उजाडल्यापासून दहा वाजेपर्यंत कॅडींना खेळायची मुभा असते. माझ्याजवळ सात काठ्या आहेत. त्या तीन वेगवेगळ्या साहेबांनी टाकून दिलेल्या असल्यामुळे एकमेकींशी त्यांचे फारसे जमत नाही. पण चेंडूला हे कोणी सांगितलेले नाही, त्यामुळे माझे चालून जाते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अठरा होल असतात. प्रत्येक होलमध्ये चेंडू घालवायला किती फटके पुरेत ते ठरलेले असते. त्याला ‘पार’ म्हणतात. आमच्या मैदानाचा पार सत्तर. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. आता माझ्यासारख्याला अठ्ठ्याऐंशी फटके लागणार आणि चांगल्या खेळाडूला बाहत्तर. मग दोघांनी एकत्र खेळायचे कसे? इथे ‘हँडिकॅप’ येतो. मला नेहमी पारपेक्षा अठरा फटके जास्त लागत असतील, तर माझ्या एकूण फटक्यांतून अठरा वजा करायचे. त्याला दोन लागत असतील तर त्याचे दोन. उरलेल्या आकड्यांची तुलना करायची. म्हणजे प्रत्येकाची लढत स्वतःच्याच नेहमीच्या खेळाशी होते, आणि त्या दिवशी जो स्वतःहून अधिक चांगला खेळेल तो जिंकतो. कच्च्या लिंबालाही जिंकण्याची संधी देणारा हा खेळ आहे. फरक एवढाच, की इथे लिंबू किती कच्चे आहे ते मोजले जाते.

हा शब्द मी आमच्या ग्रंथालयातल्या जाड इंग्रजी कोशात पाहिला. ‘हँड इन कॅप’, म्हणजे टोपीत हात! सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघांच्या वस्तू सारख्या किमतीच्या नसत. मग तिसरा एक पंच मधला फरक ठरवी, पैसे टोपीत पडत, आणि दोघे टोपीतून हात काढून सौदा मान्य की अमान्य ते दाखवीत. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सगळ्यांना एका पातळीवर आणण्याला हँडिकॅप म्हणू लागले. तिथून तो गोल्फमध्ये आला. मला या शब्दाचा तो पहिला अर्थच जास्त आवडला. दोन असमान गोष्टी, आणि त्यांच्यातला फरक प्रामाणिकपणे सांगणारा मधला माणूस.

पण गोल्फमध्ये हा मधला माणूस कोण? क्रिकेटमध्ये पंच उभा असतो. कबड्डीत शिट्टी असते. गोल्फच्या मैदानावर एरवी कोणीच नसते. झाडे असतात, टिटव्या असतात, आणि बॅग घेतलेला कॅडी असतो. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स या थोर खेळाडूचा चेंडू उंच गवतात, फटका मारण्याआधी, किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. त्याने स्वतःच सांगून स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेच्या शेवटी तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत आले, आणि निर्णयासाठी पुन्हा खेळावे लागले तेव्हा जोन्स हरला. तो एक फटका त्याने सांगितला नसता तर बरोबरी झालीच नसती. ही गोष्ट बाबांनी मला सांगितली. त्यांना ती एका साहेबांनी सांगितली होती. ते साहेब स्वतः मात्र झाडाखालचा चेंडू बुटाने हळूच बाहेर सरकवीत. बाबा ही दुसरी गोष्ट कधी हसत सांगत नसत. नुसती सांगत.

बाबांच्या मते साहेबलोकांत दोन प्रकार असतात. स्पर्धेचे कार्ड सगळेच देतात, कारण ते द्यावेच लागते. प्रश्न येतो तो एरवीच्या, मित्रांबरोबर सहज खेळलेल्या फेरीचा. तिचा स्कोअर नोंदवायचा की नाही? पहिल्या प्रकारचा माणूस वाईट फेरी खिशात घालतो आणि चांगली तेवढी नोंदवतो; म्हणजे हँडिकॅप लहान राहतो आणि चारचौघांत सांगायला बरा दिसतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस याच्या अगदी उलट. तो चांगली फेरी लपवतो. हँडिकॅप मोठा ठेवतो आणि स्पर्धेच्या दिवशी भरपूर फटके वजा करून कप घरी नेतो. इंग्लंडात अशाला ‘बँडिट’, म्हणजे सरळ दरोडेखोर, म्हणतात. बाबा म्हणतात, “एक रिकामं पोतं फुगवून दाखवतो, दुसरा भरलेलं पोतं लपवून ठेवतो. वाहायला दोघांचीही बॅग तेवढीच जड.”

एका रविवारी माझ्या खांद्यावर एका डॉक्टरसाहेबांची बॅग होती आणि त्यांच्याबरोबर एक वकीलसाहेब खेळत होते. पाचव्या टीवर पुढच्यांची वाट पाहत उभे असताना दोघांत याच विषयावर जुंपली.

डॉक्टरसाहेब म्हणाले, “स्पर्धेतला स्कोअर तोच खरा. रविवारी आपण गप्पा मारत खेळतो. दोन फुटांचा पट असला तर ‘राहू दे’ म्हणून सोडून देतो. याला काय माप म्हणायचं?”

वकीलसाहेब म्हणाले, “आणि वर्षातून सहा स्पर्धा खेळायच्या, छातीत धडधडत असताना वाईट खेळायचं, आणि तेवढंच आपलं माप म्हणून मिरवायचं, हे तरी खरं का? उरलेले शंभर दिवस तुमच्या नावानं कोण खेळतं? तुमचे बंधू?”

मला वकीलसाहेबांचे बोलणे पटले. पण डॉक्टरसाहेबांचेही अगदीच खोटे वाटले नाही. पुढे कळले, की या एका प्रश्नावर दोन देशांच्या दोन रीती होत्या. इंग्लंड-स्कॉटलंडकडे हँडिकॅप मुख्यतः स्पर्धांतल्या स्कोअरवर चाले. अमेरिकेत मात्र नियमाप्रमाणे खेळलेली प्रत्येक फेरी, मग ती सहज खेळलेली का असेना, नोंदवायची असा दंडक होता. २०२० सालापासून जगातल्या सहा निरनिराळ्या पद्धती मोडून एकच जागतिक पद्धत आली. तिच्यात सहज फेऱ्यांनाही जागा आहे. शेवटच्या वीस फेऱ्या घ्यायच्या, त्यांतल्या उत्तम आठ निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. मैदान अवघड की सोपे याचा हिशेबही त्यात धरतात. तरी जुनी सवय पुरती गेलेली नाही. ब्रिटनमध्ये अशी फेरी नोंदवायची असेल तर पहिला फटका मारण्यापूर्वी तसे जाहीर करावे लागते. फेरी संपल्यावर, आकडा पाहून, मनात येईल तसे करता येत नाही. हा नियम ज्याने केला त्याला माणसाचे मन चांगले ठाऊक असले पाहिजे.

डॉक्टरसाहेबांच्या दोन फुटांच्या पटालाही त्या पद्धतीत उत्तर आहे. चेंडू होलात न घालता उचलला, तर एरवी तिथे बहुधा किती फटके लागले असते ते प्रामाणिकपणे धरून लिहायचे. एखाद्या होलवर अगदीच धूळधाण उडाली तर तिथे किती फटके मोजायचे यालाही मर्यादा आहे. एकट्याने खेळलेली फेरी मात्र धरत नाहीत. सोबत दुसरे कोणीतरी हवे. आणि वर्षभरात कोणाचा हँडिकॅप फार भराभर वाढू लागला, तर तीन फटक्यांपुढे ती वाढ निम्मी करतात आणि पाचांपुढे थांबवतात. थोडक्यात, पळवाटा शक्य तितक्या बुजवलेल्या आहेत. फक्त एक पळवाट कुठल्याही नियमाला बुजवता आलेली नाही. ती म्हणजे न लिहिणे.

आमच्या कॅडींचा हँडिकॅप कुठल्याही यंत्रात नसतो. तो असतो कॅडी-मास्तरांच्या लांबट वहीत. मास्तर स्वतः एके काळी कॅडी होते. त्यांनी साहेबांची पद्धत सोपी करून घेतली आहे. वीस फेऱ्या, त्यांतल्या आठ चांगल्या, त्यांची सरासरी आणि त्यातून पाराचे सत्तर वजा. सोमवारी खेळून आलो की त्यांच्या टेबलाजवळ जायचे. ते विचारतात, “काय रे, किती?” आपण आकडा सांगायचा आणि ते शाईने लिहून घेतात. कार्ड मागत नाहीत, साक्षीदार मागत नाहीत. ही आमची पक्की वही. कच्ची वही माझी माझ्याजवळ असते. महाविद्यालयातल्या टिपणांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी प्रत्येक सोमवारचे अठराही होल मांडून ठेवतो. ही सवय बाबांची.

डिसेंबरात कॅडींची वार्षिक स्पर्धा असते. पहिले बक्षीस दहा हजार रुपये, दुसरे पाच हजार. हँडिकॅप वजा करून ज्याचे फटके सर्वांत कमी, तो पहिला. गेल्या वर्षी ऑक्टोबरात बाबांचा गुडघा सुजला आणि सहा आठवडे ते बॅग उचलू शकले नाहीत. घरात आईच्या शिवणकामावर चूल पेटत होती. माझ्या फीचा दुसरा हप्ता राहिला होता, वाण्याची उधारी चढली होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात काय चालले होते ते कळण्यासाठी सांगितले पाहिजे.

मास्तरांच्या वहीत माझा हँडिकॅप अठरा होता. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी माझ्या मावसभावाबरोबर खेळताना काय झाले कोण जाणे, माझ्या त्या तीन घराण्यांतल्या सात काठ्यांचे अचानक एकमत झाले. चेंडू मी पाहीन तिथे जाऊन पडू लागला. फेरी संपली तेव्हा कच्च्या वहीत आकडा झाला एकोणऐंशी. आयुष्यात मी पहिल्यांदाच ऐंशीच्या खाली गेलो होतो! धावतच मास्तरांच्या टेबलाशी गेलो. पण त्या दिवशी मास्तर कोणाच्या तरी लग्नाला गावी गेले होते आणि वही कपाटात बंद होती. पुढच्या सोमवारी सांगू म्हणून मी घरी आलो. इथवर माझी काहीही चूक नव्हती.

मग मधल्या आठवड्यात, अर्थशास्त्राच्या तासाला, मी शेवटच्या बाकावर बसून हिशेब मांडला. माझ्या उत्तम आठ फेऱ्यांची बेरीज सातशे चार होती, सरासरी अठ्ठ्याऐंशी. त्यातली नव्वदची फेरी जाऊन एकोणऐंशी आली की बेरीज सहाशे त्र्याण्णव. हँडिकॅप अठरावरून सतरावर येणार. म्हणजे एक फटका हातचा जाणार. एका चांगल्या सकाळचा हा दंड! मला ते अन्यायाचे वाटले. आणि अन्यायाचे वाटू लागले की माणूस पुढचे पाऊल टाकायला मोकळा होतो.

दुसऱ्या सोमवारी मी नानांबरोबर खेळलो. नाना आमच्यातले सर्वांत जुने कॅडी. चाळीस वर्षे होत आली त्यांना. बाबांना बॅग धरायला त्यांनीच शिकवले, आणि ग्रीनचा उतार तळव्यांनी कसा ओळखायचा ते मलाही त्यांनीच शिकवले. त्यांचा हँडिकॅप नऊ. नाना पावसात चिंब होऊन खेळले तरी आकडा लिहवून घेतात. शंभर लागले तरी लिहवतात, पंचाहत्तर लागले तरी लिहवतात. त्या दिवशी मला ऐंशी फटके लागले. चौदाव्या होलवर माझा हातभर अंतराचा एक पट नानांनीच “राहू दे” म्हणून सोडून दिला होता.

परत आलो तेव्हा मास्तर टेबलाशी होते. “काय रे, किती?”

मी म्हणालो, “आज नुसती गंमत म्हणून खेळलो, मास्तर. पट-बिट सोडून दिले. काही मोजलं नाही.”

मास्तरांनी मान डोलावली आणि पुढच्याला विचारले. नाना माझ्या मागे चहाचा पेला घेऊन उभे होते. ते काही बोलले नाहीत. पेल्यात पाहत राहिले.

मागच्या सोमवारचे एकोणऐंशीही मी सांगितले नाही. पहिले विसरणे खरे होते. दुसरे विसरणे मी नीट लक्षात ठेवून केले. दोन्ही फेऱ्या लिहिल्या असत्या तर माझा हँडिकॅप सोळा झाला असता. मी अठराच ठेवला. वर मनाशी डॉक्टरसाहेबांचा युक्तिवादही तयार होता, की सहज फेरी म्हणजे काय माप? सोडून दिलेल्या एका पटावर मी दोन अख्ख्या फेऱ्या सोडून दिल्या.

स्पर्धेच्या दिवशी थंडी होती. मी काही फार चांगला खेळलो नाही. अठ्ठ्याऐंशी फटके लागले. अठरा वजा जाऊन सत्तर. नानांना ऐंशी लागले. नऊ वजा जाऊन एकाहत्तर. तिसरा पुष्कळ मागे होता. एका फटक्याने मी पहिला आलो.

सगळ्यांनी मला उचलले. बाबा लंगडत पुढे आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली, “पोरानं बाजी मारली!” म्हणून सर्वांना ऐकू जाईल असे ओरडले. मग गर्दी पांगल्यावर, सायकलचे कुलूप काढता काढता, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “त्या सोमवारी तू फार चांगला खेळला होतास बघ. तसंच खेळत जा.”

आणि गेले.

ते रागाने बोलले असते तर बरे झाले असते. भांडले असते तर मी वाद घातला असता. मास्तरांना सांगितले असते तर मी हरकत घेतली असती. पण नाना चाळीस वर्षे कॅडी होते. पाहणे आणि न बोलणे हाच त्यांचा धंदा. साहेबांच्या बाबतीत जे केले, तेच त्यांनी माझ्या बाबतीत केले. एका थापेसरशी त्यांनी मला साहेबांच्या रांगेत नेऊन बसवले होते! लहानपणी मला साहेब व्हावेसे वाटे. ते असे होईल असे वाटले नव्हते.

दहा हजारांतून फी भरली, वाण्याची उधारी दिली. नानांच्या घराचे पत्रे दोन पावसाळे गळत होते. बक्षीस मिळाले तर बदलायचे असे ते दिवाळीपासून बोलत होते, हे मला ठाऊक होते. सबंध जानेवारी मी सोमवारी मैदानावर गेलो नाही. परीक्षा जवळ आली आहे असे घरी सांगितले.

त्या दिवसांत मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. एरवी आपण खोटे बोलतो ते स्वतःला मोठे दाखवण्यासाठी. गुण वाढवून सांगतो, पगार वाढवून सांगतो. असे खोटे पकडले जाते, कारण लोक मोठेपणाकडे संशयाने पाहतात. पण स्वतःला लहान दाखवण्यातही खोटे असू शकते हे मला या खेळाने दाखवले. आणि ते खोटे फार सुरक्षित असते, कारण ते विनयाचे कपडे घालून येते. “छे, आज नुसती गंमत!” असे म्हणणाऱ्यावर कोण संशय घेईल? हँडिकॅप ही आपली पदवी नाही. ती इतरांनी आपल्याला विश्वासाने दिलेली उसनवार आहे. माझ्या नावापुढचे दोन जास्तीचे फटके आकाशातून पडले नव्हते. ते नानांकडून आले होते.

आणि सहज फेरीचे म्हणाल, तर आता मला वकीलसाहेबांचे बोलणे पुरते पटले आहे. मोजले जात आहे हे ठाऊक असताना आपण जे करतो, ते आपण असतोच. पण पूर्ण आपण नसतो. कोणी मोजत नसताना, गप्पा मारत, हसत, थंडीत हात चोळत जे खेळतो, त्यातही आपणच असतो, आणि तो भाग वहीतून गाळला तर उरलेला आकडा कितीही शाईने लिहिलेला असला तरी अर्धा राहतो. आमच्या पक्क्या वह्या आम्ही अशाच करतो. चांगले तेवढे उतरवून काढतो, किंवा सोयीचे तेवढे.

फेब्रुवारीत मी बाबांना सगळे सांगितले. ते गुडघ्याला तेल चोळत बसले होते. बराच वेळ चोळत राहिले. मग म्हणाले, “साहेबाच्या कार्डात कॅडीनं डोकवायचं नसतं. पण स्वतःचं कार्ड कॅडीलाही असतंच ना?” एवढेच. पुढे काय करायचे ते सांगितले नाही.

पुढच्या सोमवारी मी कच्ची वही घेऊन मास्तरांकडे गेलो. नोव्हेंबरातली दोन्ही पाने दाखवली. मास्तरांनी चष्मा लावून अठराही होल वाचले, दोनदा वाचले. मला वाटले आता भडकतील. त्यांनी लांबट वही उघडली, त्या दोन तारखांच्या जागी बारीक अक्षरात एकोणऐंशी आणि ऐंशी लिहिले, माझा अठरा खोडून सोळा केला आणि म्हणाले, “बक्षीस वाटून झालंय. ते मी परत मागणार नाही. बाकीचं तुझं तू बघ.”

बाकीचे म्हणजे पाच हजार. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसातला फरक. माझ्याजवळ ते नव्हते. मी नानांच्या घरी गेलो. सांगताना जीभ अडखळत होती. नाना ऐकून घेत होते. मी म्हणालो, “नाना, दर रविवारच्या बॅगेचे पाचशे तुम्हांला देईन. दहा रविवार.” मला मनातून वाटत होते, की नाना म्हणतील, “राहू दे रे पोरा.” गोष्टींमध्ये असेच होते. आणि तसे त्यांनी म्हटले असते तर कदाचित मी त्या मोठेपणाच्या सावलीत बसून स्वस्थ झालो असतो.

नाना म्हणाले, “बरं. रविवारी संध्याकाळी आणून देत जा.”

पहिल्या रविवारी पाच नोटा दिल्या तेव्हा त्यांनी त्या मोजून घेतल्या. का कोणास ठाऊक, त्या मोजण्याने मला फार बरे वाटले. चौदाव्या होलवरचा पट त्यांनी मला सोडला होता. हा सोडला नाही.

थोरल्या बहिणीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती आधी गप्प झाली, मग हसली. “पुन्हा पिकायला एवढी वर्षं लागली का रे?” म्हणाली.

आता सोमवारी पुन्हा खेळायला जातो. हे लिहीत आहे त्याच आठवड्यात गेलो होतो. पहाटेचे दव होते, टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती. जवळपास जमिनीवर तिची अंडी असावीत. माझ्या काठ्यांचे एकमत मोडले होते. दोन चेंडू तळ्यात गेले. परत आलो तेव्हा मास्तर टेबलाशी होते आणि नाना बाजूला चहा पीत होते.

“काय रे, किती?”

“त्र्याण्णव, मास्तर.”

मास्तरांनी लिहून घेतले. नानांनी पेल्यातून मान वर केली आणि म्हणाले, “नववीवर तुझा डावा पाय सुटतोय.”

सहा रविवार झाले. चार राहिले आहेत.